सही केलीस ना?

परवा रात्री भाच्याचा फोन आला. दादाचा धाकटा. (दादा-वहिनी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. त्याला विचारूनच लिहितेय, उगाच त्याची शाळा घेऊ नका.) डिप्लोमा झाला, चाकणला एका कंपनीत चिकटला, आणि त्या दिवशी त्याचा कामावरचा पहिला दिवस होता.

"मग, काय काय केलंस दिवसभर?"

"काही नाही गं आत्या. सेफ्टीचे व्हिडिओ बघितले. सहा होते. एका हॉलमध्ये बसवलं, आपापल्या मोबाइलवर बघायचे. प्रत्येक व्हिडिओनंतर दहा प्रश्न. आठ बरोबर आले की पास. नाही आले तर परत द्यायचे. प्रश्न तेच."

"आणि मशीन? मशीन दाखवलं का?"

"ते उद्या. आज फक्त सर्टिफिकेट. आता मी ऑफिशियली सेफ आहे!"

तो हसला, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ झोप लागली नाही. आमच्या घरात माझ्या नोकरीबद्दल सगळ्यांना एवढंच माहीत आहे, की मी भोसरीला 'एचआरमध्ये' होते आणि मग सोडलं. का सोडलं ते मी कधी नीट सांगितलेलं नाही. आज सांगते. विषय तसा रुक्ष आहे. कारखान्यात कामगारांना सुरक्षेचे व्हिडिओ दाखवतात, त्याबद्दल. पण या विषयावर माझं एक ठाम मत आहे, आणि त्या मताची किंमत मी नाही, दुसऱ्याच कुणीतरी मोजली आहे.

२००८ ची गोष्ट. भोसरी एमआयडीसीतलं एक प्रेस शॉप. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण तशी कितीतरी आहेत. दुचाकी आणि टेम्पोला लागणारे ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर असला माल. ज्यांनी प्रेस शॉप पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पॉवर प्रेस म्हणजे पत्रा ठोकणारं मशीन. खाली डाय, वर रॅम. मध्ये पत्रा ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, रॅम धाडकन खाली येऊन पत्रा कापतो किंवा वाकवतो. हाताने पीस काढायचा, पुढचा पत्रा ठेवायचा. एका पाळीत हजारो वेळा तेच. हात आत, हात बाहेर.

माझ्याकडे ट्रेनिंगचं खातं होतं. खातं म्हणजे एक कपाट, एक रजिस्टर आणि मी. मोठ्या कंपनीला माल द्यायचा तर त्यांचे ऑडिटर येतात आणि सेफ्टी ट्रेनिंगचं रेकॉर्ड मागतात. म्हणून आम्ही एका विक्रेत्याकडून सीडींचा संच आणला होता. परदेशातला कारखाना, चकचकीत फरशी, गोरेगोमटे कामगार आणि वरून बातम्या वाचल्यासारखं हिंदी डबिंग. कँटीनमधल्या टीव्हीवर लावायचं. पस्तीस मिनिटं. मग रजिस्टर फिरवायचं आणि सह्या घ्यायच्या. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा.

भरती व्हायची ठेकेदारातर्फे. एका सोमवारी सात पोरं आली. त्यात एक मराठवाड्यातला होता, एकोणीस वर्षांचा. नाव-गाव लिहीत नाही. हेल्पर म्हणून आला होता, म्हणजे माल उचलायचा आणि स्क्रॅप भरायचं. व्हिडिओ पाहिला, सही केली. अक्षर सुरेख होतं, बारावी झालेला होता. नवव्या दिवशी दुसऱ्या पाळीला एक ऑपरेटर आला नाही. मालाची गाडी दारात उभी. सुपरवायझरने याला प्रेसवर बसवलं. "शेजारच्याचं बघ आणि कर." दोन तास त्याने बरं काम केलं. मग उजव्या हाताची दोन बोटं गेली. तर्जनी आणि मधलं.

मला घरी फोन आला, वर्क्स मॅनेजरचा. पहिलंच वाक्य, "मॅडम, त्याची ट्रेनिंगची सही आहे ना?"

मी रिक्षा करून कंपनीत गेले. कपाट उघडलं, रजिस्टर काढलं, ओळींवरून बोट फिरवत नाव शोधलं. सही होती. आणि मंडळी, मला हायसं वाटलं. हे मी आज पहिल्यांदाच कुठे लिहितेय. एका मुलाची बोटं गेली होती, तो वायसीएमच्या वाटेवर होता की पोचला होता हेही मला माहीत नव्हतं, आणि कागदावर त्याची सही सापडली म्हणून मला हायसं वाटलं.

चौथ्या दिवशी दवाखान्यात गेले. कंपनीतर्फे, फळं घेऊन. त्याची आई उशाशी बसली होती. ती उठून मलाच स्टूल द्यायला लागली. थोडं इकडचं तिकडचं बोलून मी त्याला विचारलं, "अरे, व्हिडिओत सांगितलं होतं ना, हात सांभाळायचा म्हणून? झोपला होतास का तेव्हा?" सूर अगदी प्रेमळ होता हो माझा. प्रश्न मात्र वर्क्स मॅनेजरचाच होता.

तो म्हणाला, "नाही मॅडम, सगळा बघितला. त्यात त्या माणसाचा हात आत गेला की मशीन आपोआप थांबत होतं. मला वाटलं आपलं पण थांबतं."

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. सीडीत दाखवलेल्या प्रेसला लाइट कर्टन होता. म्हणजे डायच्या समोर न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. हाताने तो तुटला की रॅम जिथल्या तिथे थांबतो. आमचे प्रेस जुने, चावीच्या क्लचवाले. त्यांत फ्लायव्हील फिरत असतं आणि पेडल दाबलं की चावी अडकते. एकदा अडकली की रॅम पूर्ण एक फेरा मारूनच थांबणार. मध्ये थांबवण्याची सोयच नाही. असल्या मशीनला नुसता लाइट कर्टन आणून लावला तरी उपयोग नसतो, कारण किरण तुटल्याचं कळून मशीन करणार काय? तिथे हात जाऊच नये असा जाळीचा गार्ड लागतो, नाहीतर क्लचच बदलावा लागतो. त्या मशीनवर गार्ड होता. वर उचलून तारेने बांधलेला. पीस काढायला अडचण होते म्हणून.

म्हणजे त्या पोराने व्हिडिओ लक्ष देऊन पाहिला होता. झोपला असता तर कदाचित मशीनला जास्त घाबरला असता. आम्ही त्याला दुसऱ्याच कुठल्यातरी मशीनवर विश्वास ठेवायला शिकवलं आणि त्याची सही घेतली.

चौकशीचा अहवाल दीड पानाचा होता. कारण: 'कामगाराचा निष्काळजीपणा, प्रशिक्षण देऊनही सूचनांचे पालन केले नाही.' सोबत जोडलेला कागद: माझ्या रजिस्टरची झेरॉक्स. कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचा तक्ता असतो, तो मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. एका हाताची दोन बोटं म्हणजे कमावण्याची ताकद २० टक्के कमी. अंगठा गेला तर ३० टक्के. एवढा हिशेब मात्र अगदी काटेकोर होता.

तर माझं मत असं आहे. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत सुरक्षेचा व्हिडिओ कामगाराला वाचवायला दाखवत नाहीत, तो कामगारापासून कंपनीला वाचवायला दाखवतात. आणि अशा कामासाठी वापरलेला व्हिडिओ दाखवूच नये. त्यापेक्षा काही दाखवलं नाही तर निदान 'याला काही माहीत नाही' हे सगळ्यांना माहीत तरी असतं.

"एवढं टोकाचं कशाला?" असं म्हणाल. जरा ऐका.

कामगाराच्या चुकीमुळेच अपघात होतात, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की ती कुठून आली हे कुणी विचारत नाही. अमेरिकेत हर्बर्ट हाइनरिख नावाचा विमा कंपनीतला माणूस होता. त्याने १९३१ साली एक पुस्तक लिहिलं आणि त्यात सांगितलं की ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्याने होतात, १० टक्के असुरक्षित परिस्थितीमुळे, आणि उरलेले २ टक्के टाळता न येणारे. हा आकडा अजून सेफ्टीच्या पोस्टरवर आणि स्लाइडवर दिसतो. त्याने तो काढला कशावरून? विम्याचे दावे आणि कारखान्यांच्या नोंदी यांवरून. आणि त्या कारखान्यात लिहिणारा कोण? सुपरवायझर किंवा मालक. आमचा तो दीड पानाचा अहवाल कुणी मोजला असता तर तोही त्या ८८ मध्येच गेला असता. तारेने बांधलेला गार्ड कुठल्याच रकान्यात आला नसता.

याउलट सुरक्षेचं शास्त्र शिकवणारे लोक उपायांची एक उतरंड सांगतात. धोकाच काढून टाकता येतो का ते आधी बघा. नाही तर कमी धोक्याची पद्धत वापरा. ते नाही तर यंत्राला गार्ड, सेन्सर असं काहीतरी बसवा. त्यानंतर नियम, पाट्या आणि प्रशिक्षण. शेवटी हेल्मेट-हातमोजे. म्हणजे प्रशिक्षण पाचांत चौथं! आणि व्हिडिओ म्हणजे त्या चौथ्याचाही एक तुकडा. आमच्याकडे (आणि माझा अंदाज आहे की तुमच्याकडेही) वरच्या तीन पायऱ्यांना पैसे लागतात म्हणून सुरुवातच चौथ्यापासून होते. सीडीचा संच एका क्लचच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतो हो!

कायद्यालाही हे कळत होतं. १९४८ च्या कारखाने अधिनियमात यंत्राचे धोकादायक भाग झाकण्याबद्दल कलम २१ होतं. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ झालं, त्यानंतर १९८७ साली त्या कायद्यात कलम ७ए घातलं गेलं, मालकाची कर्तव्यं सांगणारं. त्यात पहिलं कर्तव्य होतं यंत्रं आणि कामाची पद्धत सुरक्षित ठेवण्याचं. प्रशिक्षण तिसरं, आणि तेही एकटं नाही, माहिती, सूचना, प्रशिक्षण 'आणि देखरेख' असं एकत्र. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा जाऊन नवी संहिता लागू झाली आहे. संहिता नवी असो की जुनी, नवख्या पोराला नवव्या दिवशी प्रेसवर बसवताना देखरेख करणारा माणूस तिथे उभा आहे का, हा प्रश्न तोच राहतो. व्हिडिओ देखरेख करत नाही. तो पस्तीस मिनिटांनी संपतो.

आता शिकवण्याबद्दल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांवर एकदम लाखो नवखे लोक आले. त्यांना पटकन शिकवायचं कसं, म्हणून तिथल्या सरकारने एक कार्यक्रम काढला, ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री. युद्धानंतर तो जपानला गेला आणि टोयोटाच्या पद्धतीत मुरला. त्यात काम शिकवण्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिली, शिकणाऱ्याची तयारी: त्याला काय येतं ते विचारा, त्याची भीती घालवा. दुसरी, काम करून दाखवा. तिसरी, त्याच्याकडून करून घ्या, करताना त्यालाच बोलतं करा. चौथी, नंतर पुन्हापुन्हा जाऊन बघा. आणि त्या लोकांचा दंडकच होता की कामगार शिकला नाही तर शिकवणाऱ्याने शिकवलं नाही असं धरायचं.

या चारांतली व्हिडिओला जमते फक्त दुसरी. आम्ही दुसरी करायचो आणि चारही झाल्याची सही घ्यायचो.

बरं, मी व्हिडिओच्या विरुद्ध नाही. काही गोष्टी व्हिडिओच दाखवू शकतो. अपघात 'करून' दाखवता येत नाही. बंद टाकीत काय होतं, विजेचा लोळ कसा उठतो, क्लचची चावी आत कशी अडकते हे डोळ्यांनी दिसत नाही. शिवाय शिकवणारा माणूस तिसऱ्या बॅचला कंटाळतो आणि निम्मं सांगतो, व्हिडिओ कंटाळत नाही. बिहार, ओडिशा, मराठवाडा, विदर्भ इथून आलेली पोरं एका हॉलमध्ये बसलेली असतात, प्रत्येकाला त्याच्या भाषेत ऐकवता येतं. हे सगळं मला मान्य आहे.

आणि चांगले व्हिडिओ आहेतही. अमेरिकेत केमिकल सेफ्टी बोर्ड नावाची एक सरकारी संस्था १९९८ पासून रासायनिक अपघातांच्या चौकश्या करते. दंड करण्याचा अधिकार तिला नाही. चौकशी करते आणि काय झालं ते सगळ्यांना सांगते, ॲनिमेशनचे व्हिडिओ करून, फुकट बघायला. त्यातला एक आपल्या साखरपट्ट्यातल्या मंडळींनी जरूर बघावा. जॉर्जिया राज्यात इम्पीरिअल शुगरच्या कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ ला स्फोट झाला, १४ माणसं गेली. कशाचा स्फोट? साखरेच्या धुळीचा! सायलोंच्या खालच्या कन्व्हेअरला वर्षभरापूर्वी पत्र्याचं आवरण घातलं होतं, त्यात धूळ कोंडली आणि पेटली. मग इमारतीत जागोजागी साचलेली धूळ उडून पुढचे स्फोट होत गेले. व्हिडिओ पाहताना आपल्याला कळतं की हे एका माणसाने एका दिवशी केलेलं नाही.

दुसरा टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचा. २३ मार्च २००५, १५ मृत्यू, १८० जखमी. ऑपरेटरने टॉवर प्रमाणाबाहेर भरला, असं म्हणून पाच मिनिटांत संपवता आलं असतं. पण व्हिडिओ तिथून पुढे जातो. पातळी दाखवणारा काटा चुकीचं का दाखवत होता? ऑपरेटर जवळपास महिनाभर सलग बारा-बारा तासांच्या पाळ्या का करत होते? कंत्राटी माणसांच्या बसण्याच्या केबिन धोक्याच्या इतक्या जवळ कुणी ठेवल्या? मेलेले पंधराही जण त्या केबिनमध्ये आणि आसपास होते. हा व्हिडिओ कामगाराइतकाच मॅनेजरलाही खुर्चीत अस्वस्थ करतो. माझ्या मते चांगल्या व्हिडिओची परीक्षा ही आहे. तो पाहताना साहेबाला घाम फुटतो का?

आता आमच्या हॅंडीकॅमची गोष्ट.

त्या अपघातानंतर मला त्या सीडीकडे बघवेना. आमच्याकडे एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. पंचवीस वर्षं प्रेसवर, त्यांच्याही डाव्या करंगळीचं पेर तरुणपणीच गेलेलं. मी त्यांना म्हटलं, काका, आपणच एक व्हिडिओ करू. २००९ मध्ये एका रविवारी माझ्या नवऱ्याचा हॅंडीकॅम घेऊन गेले. काका आमच्याच मशीनसमोर उभे राहिले आणि बोलायला लागले. "हे मशीन मध्ये थांबत नाही. पाय पडला की संपलं. हे पहिलं डोक्यात घाला." मग क्लचचा आवाज बदलला तर काय समजायचं, पीस चिमट्यानेच का काढायचा, डाय बसवताना रॅमखाली ठोकळा का लावायचा, मशीन डबल मारायला लागलं तर 'नंतर सांगू' न म्हणता तिथेच बंद करून कुणाला हाक मारायची. हात धरून शिकवल्यासारखं. अकरा मिनिटं झाली.

गंमत पुढेच आहे. घरी येऊन टीव्हीवर बघितलं तर काकांच्या मागे काय काय दिसत होतं! एका प्रेसचा गार्ड तारेने बांधलेला. दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय चालू होऊ नये अशा एका मशीनचं एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं. पेडलवरचं झाकण गायब. मी त्या फ्लोअरवरून रोज जायचे, मला हे कधी दिसलं नव्हतं. दिसलं असेलही, पण बघितलं नव्हतं. मी काकांना विचारलं, "काका, हे तुम्हाला माहीत होतं?" ते म्हणाले, "ताई, सगळ्यांना माहीत असतं. टार्गेट तसंच ठरवलेलं असतं. गार्ड लावून ते होत नाही."

व्हिडिओ मालकांना दाखवला. ते गप्प बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "हे बाहेर कुठे दाखवू नका." पण पुढच्या सहा महिन्यांत चार प्रेसचे क्लच बदलले आणि जाळ्या परत खाली आल्या. त्याचं श्रेय मी त्यांना देते. सगळे प्रेस मात्र झाले नाहीत. आणि पुढच्या ऑडिटला आलेल्या साहेबांनी काकांची अकरा मिनिटं बघून शेरा दिला, 'ट्रेनिंग मटेरियल प्रोफेशनल नाही.' कपाटातून पुन्हा गोऱ्या कामगारांची सीडी निघाली. मीही त्यानंतर वर्षभरात निघाले. शूरपणा वगैरे काही नाही, राजीनाम्यात 'घरगुती कारण' असं लिहिलं होतं. ते रजिस्टर पुन्हा फिरवायची माझी तयारी नव्हती, एवढंच.

यालाही बरीच वर्षं झाली. मला वाटायचं, आता सुधारलं असेल. सेफ इन इंडिया फाउंडेशन नावाची एक संस्था आहे, गुरुग्राम-मानेसर पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवताना जखमी झालेल्या कामगारांना मदत करते. २०१९ पासून त्यांचे 'क्रश्ड' नावाचे अहवाल येतात. वाचून बघा. पॉवर प्रेस, गेलेली बोटं, बाहेरगावाहून आलेली कंत्राटी पोरं, मशीनला सेन्सर नाही. वाचताना मला आमचं भोसरी आठवत राहतं.

बदललंय ते व्हिडिओचं रूप. सीडी गेली, ॲप आलं. रजिस्टर गेलं, ओटीपी आला. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेने एकच व्हिडिओ दहा भाषांत करून मिळतो, निवेदकाचे ओठसुद्धा मराठीत हलतात. छान आहे. पण भोजपुरीत सांगितलेलं दुसऱ्याच्या मशीनचं सत्य हे तुमच्या मशीनबद्दल खोटंच राहतं.

आणि एक नवी गोष्ट, जिचा मला मनापासून राग येतो. सीसीटीव्हीत सापडलेले अपघात व्हॉट्सॲपवर फिरतात. कुणाचा हात जातो, कुणी पट्ट्यात ओढला जातो, आणि खाली लिहिलेलं असतं, 'बघा, एका क्षणाचा निष्काळजीपणा.' हे सकाळच्या टूलबॉक्स मीटिंगमध्ये दाखवतात म्हणे. अरे, त्या माणसाला विचारलंत का? त्याच्या आईला? आणि त्या क्लिपमध्ये सुरुवातीचे पाच सेकंद का नसतात, त्या मशीनला गार्ड होता की नव्हता हे कळायला? २००० साली जर्मनीत फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या क्लाऊस नावाच्या माणसावर एक छोटी फिल्म निघाली होती, अशाच घाबरवणाऱ्या सेफ्टी फिल्मची टिंगल करणारी. त्यात इतका रक्तपात आहे की लोक पोट धरून हसतात. ती टिंगल होती. आपण तेच खऱ्या माणसांच्या हातांचं करतोय, आणि गंभीर चेहऱ्याने.

मग काय करावं? मी काही तज्ज्ञ नाही, पण कपाट सांभाळलेली बाई म्हणून सांगते. व्हिडिओ आपल्याच फ्लोअरवर, आपल्याच मशीनवर काढा. बोलणारा माणूस तिथे काम करणारा असू दे, भले त्याचं मराठी-हिंदी कसंही असो. काढताना मागे जे दिसेल ते आधी दुरुस्त करा, झाकू नका. व्हिडिओ संपला की सही घेऊ नका, मशीनपाशी न्या, करून घ्या. चौथ्या दिवशी परत जाऊन बघा. आणि सही घ्यायचीच असेल तर दोन घ्या. कामगाराची 'मला दाखवलं' म्हणून, आणि मॅनेजरची 'व्हिडिओत दाखवल्याप्रमाणेच आमचं मशीन आहे' म्हणून. ही दुसरी सही मागून बघा, किती जण पेन उघडतात ते.

काल भाच्याला परत फोन केला. म्हटलं, "बाळा, उद्या मशीनसमोर उभा राहिलास की तीन गोष्टी विचार. हे मध्ये थांबतं का? गार्ड कुठे आहे? आणि आवाज बदलला तर बंद करायचा अधिकार मला आहे का?"

"अगं आत्या, तिसऱ्याच दिवशी असं विचारलं तर म्हणतील शहाणपणा करतो."

"म्हणू देत."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं, पहिले दोन विचारतो."

दोन तर दोन. तिसऱ्यासाठी मी उद्या परत फोन करणार आहे. दादा, तूही कर.

असो, फारच लांबलं. कारखान्यात असणाऱ्या मित्रमंडळींनी आपापल्या व्हिडिओबद्दल लिहावं, विशेषतः त्यातलं मशीन आणि तुमचं मशीन एकच आहे का ते. आणि तो मुलगा, आता पस्तिशी ओलांडलेला असेल. त्याला पुढे काय काम मिळालं ते मी कधी शोधलं नाही. शोधायला हवं होतं.